मातीचा स्वार आणि खरा स्वार

दिवाळीची सुटी लागली कीं विचुंब्यांत किल्ले उठूं लागतात. पूर्वीं घरोघर अंगण होतें. आतां गांवांत उंच इमारती झाल्या आहेत. तरी जिन्याखालीं, कुंपणाच्या कडेस, वाहनें उभीं करण्याच्या जागेंत मुलें दगड, माती व जुनीं पोतीं यांचा डोंगर रचतात, त्यावर अळीव व मोहरी पेरतात आणि बाजारांतून आणलेलीं मातीचीं चित्रें मांडतात. असाच एक किल्ला पाहात असतां आम्हीं तो रचणाऱ्या मुलास विचारलें, "हा स्वार कोणाच्या चाकरींत आहे? आणि याचा घोडा काय खातो?" मुलगा आमच्या तोंडाकडे पाहात राहिला. किल्ल्यावर एकंदर अकरा स्वार होते. अकराही एकाच साच्यांतून निघालेले. तोच पांढरा घोडा, तीच उगारलेली तलवार, तेंच लाल पागोटें. शेवटीं तो म्हणाला, "सर, बाजारांत सगळे सारखेच मिळतात."

त्याचें म्हणणें खरें होतें. परंतु बाजारांत सारखा मिळालेला स्वार थोड्या श्रमानें व थोड्या अभ्यासानें खरा करितां येतो, आणि तो तसा करूं लागलें म्हणजे पुस्तकांत न सांपडणारा इतिहास हातीं लागतो. विद्यार्थिमित्रहो, या पाठांत आपण तेंच पाहूं.

युद्धाचा खेळ

पटावर सैन्य मांडून लढण्याची कल्पना नवी नाहीं. आपलें बुद्धिबळ मूळचें चतुरंग होय. हत्ती, घोडा, रथ व पायदळ हीं सैन्याचीं चार अंगें त्यांत होतीं. अडीच घरें उडी मारणारा आपला घोडा हा त्याच जुन्या सैन्यांतला स्वार. युरोपांत प्रशियाच्या राइसविट्झ नांवाच्या गृहस्थांनीं १८१२ सालीं आपल्या राजास युद्धाच्या खेळाचें एक मेजच सादर केलें. त्यांच्या पुत्रानें १८२४ मध्यें तो खेळ सुधारून नकाशावर आणला, आणि प्रशियाच्या सैन्यानें अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठीं त्याचा स्वीकार केला. पुढें १९१३ सालीं इंग्रज ग्रंथकार एच्. जी. वेल्स यांनीं खेळण्यांतले सैनिक व लांकडी गोळी उडविणाऱ्या चिमुकल्या तोफा घेऊन खेळावयाच्या खेळाचे नियम पुस्तकरूपानें प्रसिद्ध केले. खरें मोठें युद्ध किती गोंधळाचें व मूर्खपणाचें असतें हें ज्यास समजून घ्यावयाचें असेल त्यानें हा लहान खेळ तीनचार वेळां खेळून पाहावा, अशा आशयाचे उद्गार त्यांनीं त्या पुस्तकाच्या शेवटीं काढले आहेत. दुसऱ्याच वर्षीं पहिलें महायुद्ध पेटलें.

आपल्या दिवाळीच्या किल्ल्यांत सैन्य आहे, पण तें हालत नाहीं. तें हालविलें म्हणजे किल्ल्याचा खेळ होतो. मात्र त्यासाठीं स्वार हवेत, आणि ते एकसारखे असून चालत नाहीं.

स्वार कोठें शोधावा

पहिली जागा दिवाळीचा बाजार. येथें माती किंवा प्लास्टर यांचे रंगविलेले स्वार मिळतात. ते स्वस्त असतात, कोरतां येतात, परंतु पाय लवकर मोडतात. दुसरी जागा खेळण्यांचें दुकान. तेथें पुडींत मिळणाऱ्या प्लास्टिकच्या सैनिकांचीं दोन मापें विशेष प्रचारांत आहेत. मोठ्या मापांत उभा मनुष्य सुमारें ५४ मिलिमीटर उंच असतो, आणि लहान मापांत सुमारें २४ मिलिमीटर. हे स्वार बहुधा युरोपांतले किंवा अमेरिकेंतले असतात. डोक्यावर टोपी, पायांत उंच बूट, हातांत बंदूक. त्यांस पाहून निराश होऊं नये. घोडा चांगला असला म्हणजे निम्में काम झालें. तिसरी जागा घरांतील जुन्या खेळण्यांचा डबा. हात तुटलेला स्वार टाकून देऊं नका. आपल्यास त्याचा हात नाहींतरी बदलावयाचाच आहे.

निवडतांना तीन गोष्टी पाहाव्या. स्वार घोड्यापासून सुटा होतो काय. घोड्याचे निदान तीन पाय जमिनीस टेकतात काय. आणि घोड्याची मान व पाठ यांवर जादा शोभेचें काम थोडें आहे काय. जुन्या काळचीं शिशाचीं खेळणीं कोणाकडे असतील तर तीं कपाटांतच राहूं द्यावीं. शिसें विषारी आहे. तें कानशीनें घासणें मुलांचें काम नव्हे.

आणखी एक सूचना. आपल्या शेजारच्या कित्येक घरीं देव्हाऱ्यांत घोड्यावर बसलेल्या खंडोबाचा टाक किंवा पितळी मूर्ति असते. स्वाराची बैठक व घोड्याचा साज यांचा तो उत्तम नमुना आहे. परंतु ती पूजेची वस्तु आहे. घरच्या मंडळींची परवानगी घेऊन दुरून पाहावी, वहींत रेखाटावी, हात लावूं नये.

मापाचें गणित

मोठ्या मापाचे सैनिक खऱ्या मनुष्याच्या सुमारें एकबत्तीसांश असतात. ५४ मिलिमीटरांस ३२ नीं गुणा. १७२८ मिलिमीटर, म्हणजे सुमारें १७३ सेंटिमीटर आले. आतां घोडा. युरोपांतील घोडदळाचा मोठा घोडा खांद्यापाशीं १६० सेंटिमीटर धरला तर या मापांत तो ५ सेंटिमीटर होतो. आपल्या दख्खनच्या स्वाराचें तट्टू मात्र लहान. भीमेच्या खोऱ्यांतलीं भीमथडी तट्टें अंगानें ठेंगणीं, पण काटक व चढउतारास पक्कीं म्हणून नांवाजलेलीं होतीं. आपल्या खेळासाठीं तट्टाची उंची १३० सेंटिमीटर धरूं. त्यास ३२ नीं भागिलें तर चार सेंटिमीटरांहून किंचित् अधिक येतात. म्हणजे पुडीतला घोडा नऊ मिलिमीटरांनीं उंच झाला!

पाय कापून घोडा ठेंगणा करूं गेलें तर तो लंगडा दिसतो. याहून सोपी युक्ति अशी कीं, स्वार एका पुडीतला घ्यावा व घोडा दुसऱ्या, जरा लहान मापाच्या पुडीतला घ्यावा. ज्या पुडीत उभा मनुष्य ४३ मिलिमीटर उंच असतो, तिच्यांतला मोठा विलायती घोडा बरोबर चार सेंटिमीटरांचा भरतो. तो आपल्या ५४ मिलिमीटरांच्या स्वाराखालीं भीमथडी तट्टू म्हणून शोभतो. स्वाराचे पाय घोड्याच्या पोटाखालीं जरा लोंबलेले दिसले कीं ओळखावें, माप जुळलें.

रूपांतर

प्लास्टिकचा स्वार प्रथम साबणाच्या पाण्यानें धुवावा, म्हणजे रंग धरतो. टोपीचा कांठ व बुटांचे वरचे भाग वडील माणसाच्या देखरेखीखालीं धारदार पात्यानें कापून घ्यावे. पागोट्यासाठीं जाड सुती दोरा पीळ देऊन डिंकांत भिजवावा व डोक्याभोंवतीं गुंडाळावा. एक शेव मागें सोडावा. अंगरख्याचा घोळ जुन्या धोतराच्या चिंधीचा, तीहि डिंकांत भिजवून. भाल्यासाठीं खराट्याचा हीर घ्यावा. तो स्वाराच्या उंचीहून पुष्कळ लांब असूं द्यावा. ढालीसाठीं चिंचोका उभा चिरून त्याचें अर्धें घ्यावें. काळा, तुळतुळीत व मध्यें फुगीर, असा तो पाठीवर बांधला कीं ढाल वेगळी करावयास नको.

घोड्याचें विलायती जीन झाकण्यासाठीं कापडाची दुहेरी घडी पाठीवर चिकटवावी. हें खोगीर झालें. लगामास बारीक दोरा, रिकिबीस तारेचा तुकडा. खोगिराच्या मागें एक इवलीशी थैली बांधावी. तो तोबरा. आमचा आग्रह आहे कीं तोबऱ्यावांचून एकहि घोडा पुरा समजूं नये. कारण पुढें दिसेल.

मातीच्या घोड्याच्या पायांमध्यें मोडूं नये म्हणून माती ठेवलेली असते. ती कोरूं नये. हिरवी रंगवून तिचें गवत करावें. रंग देतांना सगळे घोडे पांढरे करूं नयेत. आपल्या भाषेंत घोड्यांच्या रंगांचीं नांवें मुबलक आहेत. तांबूस अंगाचा कुमाईत, करडा सबजा, पांढऱ्या व काळ्या ठिपक्यांचा अबलख, चारी पाय व तोंड पांढरें असलेला पंचकल्याणी. पांच घोडे, पांच रंग, असा नियम ठेवावा.

वेषभूषेसाठीं अंदाजानें काम करूं नये. पुण्यास राजा दिनकर केळकर संग्रहालयांत जुनीं हत्यारें पाहावयास मिळतात. मनुची नांवाच्या इटालियन प्रवाशानें सतराव्या शतकांत येथें तयार करविलेला चित्रसंग्रह पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आहे. त्यांतील शिवाजी महाराजांच्या घोड्यावरील चित्राच्या प्रतिकृति कित्येक पुस्तकांत छापलेल्या आहेत. त्या चित्रांत घोड्याबरोबर चालणारे पायीं सेवकहि आहेत, हें विसरूं नये.

पंचवीस घोड्यांमागें दोन माणसें

मराठ्यांच्या घोडदळांत दोन प्रकारचे स्वार असत. बारगिरास घोडा सरकारी पागेंतून मिळे. शिलेदाराचा घोडा व हत्यारें त्याचीं स्वतःचीं असत. सभासद बखरींत रचना दिली आहे, ती अशी. २५ बारगिरांवर एक हवालदार, पांच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी, पांच हजाऱ्यांवर एक पंचहजारी, आणि सर्वांवर सरनोबत. गुणाकार करा. जुमला १२५ स्वारांचा, हजारी १२५० चा, पंचहजारी ६२५० चा. आपल्या खेळांत एक चित्र म्हणजे एक जुमला धरला, तर दहा चित्रांत एक हजारी उभा राहातो.

पण त्याच बखरींत आणखी एक तपशील आहे. दर पंचवीस घोड्यांमागें एक पखालजी व एक नालबंद असे. एक पाणी आणणारा, एक नाल ठोकणारा. किल्ल्यावर तलवार उगारलेले शेंकडों वीर आम्हीं पाहिले. पखाल वाहाणारा मनुष्य एकदांहि पाहिला नाहीं. म्हणून प्रत्येक विद्यार्थ्यानें पहिल्या पांच स्वारांबरोबर एक पखालजी व एक नालबंद करावा. मोडक्या पायदळ सैनिकाच्या पाठीवर चामड्याच्या तुकड्याची फुगीर पिशवी बसविली कीं पखालजी तयार होतो.

सैन्य पावसाळ्यांत छावणीस राही व दसऱ्यास बाहेर पडे, कारण तेव्हां नद्या उतरलेल्या असत व रानांत चारा असे. आपण दिवाळींत मातीचे स्वार मांडतो, त्याच सुमारास खरे स्वार मुलूखगिरीवर असत. चिपळूणजवळ छावणीस असलेल्या लष्कराच्या अंमलदारांस १६७० नंतरच्या दशकांत लिहिलेलें शिवाजी महाराजांचें एक पत्र प्रसिद्ध आहे. दाणा व गवत बेतानें वापरा, रयतेस काडीचाहि त्रास देऊं नका, गवताजवळ दिवा जळता ठेवूं नका, नाहींतर उंदीर वात पळवील व गंज पेटेल, अशी त्यांत ताकीद आहे. राज्य चालविणारा पुरुष उंदराचा विचार करितो, कारण गवत जळलें तर घोडा मरतो, आणि घोडा मेला तर स्वार उरत नाहीं.

पाण्याचा नियम

आमच्या वर्गांत वाळूच्या पेटींत हा खेळ खेळतात. अंतर दोरीनें मोजितात. एका डावांत घोडा बारा बोटें, पायदळ सहा, तोफ तीन. निळ्या कागदाची पट्टी ही नदी. चार डावांतून एकदां घोड्यास पाण्याशीं उभें केलें नाहीं तर त्याची चाल निम्मी होते. शिवाय आणखी एक नियम आहे. बारगिराचा घोडा पडला तर दोन डावांनंतर त्यास पागेंतून दुसरा मिळतो. शिलेदाराचा पडला तर तो त्या दिवसाच्या व दुसऱ्या दिवसाच्याहि खेळांतून जातो.

या दोन नियमांनीं मुलांची लढाई बदलून गेली. पूर्वीं पहिल्याच डावांत सर्व स्वार तोफांवर धांवत. आतां ज्याच्याकडे शिलेदार आहेत तो वळसा घालतो, रसद अडवितो, नदी धरितो. मग आम्हीं त्यांस पालखेड मांडून दाखविलें. १७२८ सालीं बाजीरावांनीं अवजड तोफांची वाट न पाहातां वेगानें हालचाली केल्या आणि त्यांच्या पाठीं आलेला निजाम पालखेडजवळ पाण्यावांचून कोंडला गेला. ६ मार्च रोजीं मुंगी-शेवगांवचा तह झाला. वर्गांतला एक विद्यार्थी निळ्या पट्टीवर बोट ठेवून म्हणाला, "म्हणजे लढाई येथेंच झाली." इतिहासाच्या तासाला आम्हांस याहून चांगलें उत्तर क्वचित् मिळालें असेल.

शत्रूचा स्वार

आतां आमची एक चूक सांगतों. पहिल्या वर्षीं आम्हीं मराठ्यांचे स्वार मन लावून रंगविले, आणि दुसऱ्या बाजूचे तसेच राहूं दिले. कोणास त्यांत गोडी नव्हती. ते बिनरंगी गोळे पेटींत एका अंगास उभे असत. ती बाजू घ्यावयास कोणी तयार होईना, तेव्हां ती वर्गांतल्या एका मुसलमान विद्यार्थ्याकडे जाऊं लागली. कोणीं ठरविलें नव्हतें. त्याचें नांव तसें म्हणून आपोआप गेली, आणि आमच्या तें ध्यानांत आलें नाहीं. तो मुलगा चांगला खेळे. एके दिवशीं त्यानें आपले स्वार डब्यांत परत ठेवले आणि म्हणाला, "सर, आज मी फक्त दोरी धरतों." तो काय म्हणतो हें समजावयास आम्हांस तो सबंध तास लागला.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं खेळ बंद ठेवला व नेताजी पालकर यांची हकीकत सांगितली. चौक हें खालापूर तालुक्यांतील गांव त्यांचें जन्मगांव म्हणून सांगितलें जातें. जुन्या पुणें रस्त्यानें आपल्यापासून तें दूर नाहीं. नेताजी शिवाजी महाराजांचे सरनोबत होते. १६६६ च्या आरंभीं त्यांचें व महाराजांचें बिनसलें. ते आदिलशाहींत गेले, तेथून मोंगलांकडे. त्याच वर्षीं महाराज आग्र्याहून निसटले, तेव्हां औरंगजेबानें नेताजींस कैद करविलें. १६६७ मध्यें त्यांस मुसलमान करण्यांत आलें, महंमद कुलीखान असें नांव मिळालें, आणि त्यांची रवानगी दूर काबूलच्या बाजूस झाली. १६७६ मध्यें ते परत आले व महाराजांनीं त्यांस पुन्हां आपल्यांत घेतलें. सक्तीनें बदलविलेला धर्म हा धर्म नव्हे, हें ख्रिस्ती शाळेंत शिकविणाऱ्या आम्हांस तरी निराळें सांगावयास नको. आणि दहा वर्षांनीं आलेल्या माणसास दार उघडणें सोपें नसतें, हेंहि तितकेंच खरें.

मग आम्हीं विचारलें, नेताजींचा स्वार कोणत्या डब्यांत ठेवाल? कोणी बोलेना. आम्हीं पुढें सांगितलें कीं, महाराजांच्या सैन्यांत सिद्दी हिलालासारखे मुसलमान सरदार होते, आणि आदिलशाही व मोंगली सैन्यांत मराठे सरदार व शिलेदार मोठ्या संख्येनें होते. दोन्हींकडचा शिलेदार आपलाच घोडा घेऊन येई. दोन्हींकडचा घोडा मेला तर घरीं चूल थंड पडे. केवळ पागोट्यावरून बाजू ओळखतां येत नसे.

त्या दिवसापासून दोन नियम झाले. बाजू चिठ्ठ्या टाकून ठरावयाची. आणि दोन्हीं बाजूंचे स्वार सारख्याच काळजीनें रंगवावयाचे, तोबऱ्यासकट. ज्यानें दोरी धरली होती त्यानें एका पंचकल्याणी घोड्यावर नेताजी बसविला, आणि त्याच्यासाठीं काढतां-घालतां येतील अशीं तीन पागोटीं केलीं. एक महाराजांच्या चाकरींतलें, एक विजापूरचें, एक मोंगलांचें. चेहरा तोच. तो स्वार आमच्या वर्गाच्या कपाटांत आहे. कोणीहि येऊन पाहावा.

पालकांस दोन शब्द

एका पालकांनीं आम्हांस विचारलें कीं, जेथें रोज शांतीची प्रार्थना होते तेथें मुलांस लढाई कां शिकवितां? प्रश्न रास्त आहे. आमचा प्रभु यरुशलेमेंत शिरला तो लढाऊ घोड्यावर नव्हे, गाढवीच्या शिंगरावर; हें आम्ही विसरलों नाहीं. परंतु दिवाळीच्या किल्ल्यावर स्वार उभे राहाणारच. ते नुसते तलवार उगारून उभे राहिले तर मुलास युद्ध म्हणजे एक देखणी मिरवणूक वाटते. त्याच्या हातानें एकदां घोड्याचा तोबरा शिवला गेला, पखालजी रंगविला गेला, आणि आपला शिलेदार दोन दिवस बाहेर बसलेला त्यानें पाहिला, म्हणजे मोजदाद त्याच्या ध्यानांत राहाते. मातीचा स्वार दुसऱ्या दिवशीं पुन्हां उभा राहातो. खरा राहात नाहीं. हा फरक सांगूनहि समजतो, पण करून अधिक समजतो.

म्हणून येत्या दिवाळींत आपल्या मुलास बाजारांतून अकरा स्वार आणून द्यावयाचे असतील तर पांचच आणावे, आणि उरलेल्या पैशांचे रंग, दोरा व डिंक घ्यावा. चिंचोके व हीर घरींच मिळतील. दोन संध्याकाळ त्याच्याजवळ बसावें. विद्यार्थिमित्रहो, तुम्हींहि एक करा. पांचांपैकीं दोन स्वार समोरच्या बाजूचे करा, आणि पहिला रंग त्यांस द्या.